पहिली ओळ घरी विणा

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच काळजीची निघाली: लांबचा विमानप्रवास, आणि तेवढे तास हाताला काय काम द्यायचं. मे महिना तोंडावर आला की हा प्रश्न येतोच. मी फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला आणि हस्तकला शिकवली. निवृत्त झाल्यावर लेकीकडे अमेरिकेला चार वेळा जाऊन आले. दोन्हीकडे जे शिकले तेच पुढे लिहिते आहे. पत्रं थोडी आखडती घेऊन छापली आहेत.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी डिचोलीला राहते, वय ६७. मे महिन्याच्या सुट्टीत नातीला घेऊन धाकट्या मुलाकडे न्यू जर्सीला जायचं आहे. मोपाहून मुंबई आणि मुंबईहून न्यूअर्क. दुसरं विमान पंधरा-सोळा तासांचं. नात नऊ वर्षांची. हुशार आहे, पण एका जागी बसणं तिला माहीतच नाही. सून म्हणते टॅब द्या, थोरला म्हणतो मुळीच नको. मी क्रोशाचं विणकाम करते, पण सुई विमानात नेऊ देतात की नाही कोण जाणे. दोघींसाठी बॅगेत काय भरू? जास्त ओझं मला झेपत नाही.
एक आजी, डिचोली

उत्तर : ताई, ओझ्याचं आधी बोलू, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. पहिल्या खेपेला मी खांद्याच्या बॅगेत चोवीस रंगांची नवी पेटी, मॅटी कापड आणि रेशमाच्या नव्या लडी, नमुन्यांचं नवं पुस्तक आणि दोन कोऱ्या वह्या भरल्या होत्या. सगळ्या प्रवासात त्यातलं काहीही उघडलं नाही. हात चालला तो एकाच गोष्टीवर. निघायच्या आदल्या रात्री झोप येईना म्हणून लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी टोपरं विणायला घेतलं होतं, चार ओळी झाल्या होत्या. ते टोपरं विमान उतरायच्या आत पुरं झालं आणि विमानतळावर मी ते लेकीच्या हातात दिलं. रंगपेटी तशीच कोरी करकरीत फोंड्याला परत आली.

पुढच्या खेपांना मी हे मुद्दाम पारखून पाहिलं आणि दर वेळी तेच झालं. विमानात डोकं जड असतं, झोप अर्धवट, मध्येच जेवणाची गाडी येते, मध्येच खिडकीकडचा माणूस उठतो. नवा नमुना समजून घ्यायचं, नव्या वहीचं पहिलं पान बिघडवायचं धाडस करायचं, एवढं बळ त्या वेळी मनात नसतं. चालू असलेल्या कामाचं तसं नाही. ते हातात घेतलं की बोटं आपली आपण पुढे जातात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की विमानात नवं काही सुरू करू नका. पहिली ओळ घरी विणा, पहिलं चित्र घरी काढा, वहीचं पहिलं पान घरी लिहा. आणि ते कुणाला द्यायचं हे निघण्यापूर्वी ठरवा. घेणारा माणूस डोळ्यांपुढे असला की काम बाजूला पडत नाही.

आता सुईचं. अमेरिकेच्या विमानतळांवरच्या सुरक्षा नियमांप्रमाणे क्रोशाच्या आणि विणायच्या सुया हातातल्या सामानात चालतात, चार इंचांपर्यंत पात्याची कात्रीही चालते. पण तुमची तपासणी आधी मोपाला आणि मुंबईला होणार. शिवाय कुठल्याही विमानतळावर शेवटचा शब्द यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा असतो. म्हणून पोलादी सुई मोठ्या बॅगेत टाका आणि हातात लाकडी किंवा प्लास्टिकची न्या. तिच्यावर घरून चार ओळी विणलेल्या असल्या की पिशवी उघडून दाखवायची वेळ आली तरी समोरच्याला एका नजरेत कळतं की हे विणकाम आहे.

कात्री मात्र नेऊच नका. माझ्या आईची भरतकामाची एक छोटी कात्री होती, टोकाशी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. दुसऱ्या खेपेला ती माझ्या सुयांच्या डबीत राहून गेली आणि एका विमानतळावर तपासणीत काढून घेतली. त्या माणसाने नियम पाळला, त्याला दोष नाही. पण कात्री कुणाच्या तरी हाती घरी पाठवावी म्हटलं, तर सोडायला आलेली माणसं केव्हाच परतीच्या रस्त्याला लागली होती. आईच्या अंगठ्याने आतून गुळगुळीत झालेली ती कडी मी शेवटची पाहिली ती जप्त वस्तूंच्या टोपलीत. आजही भरतकाम करताना हात तिच्याकडे जातो. तेव्हापासून मी जवळ दात साफ करायच्या दोऱ्याची डबी ठेवते. तिच्या झाकणाखाली दोरा तोडायला इवलासा पत्रा असतो, सुती दोरा त्यावर सहज तुटतो. भरतकाम नेणार असाल तर दोरे हातभर लांबीचे घरीच कापून एका पुठ्ठ्याला गुंडाळून घ्या आणि सुई प्लास्टिकची बोथट घ्या, मॅटीच्या भोकांतून ती छान जाते.

तुम्ही क्रोशा करता हे उत्तम. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा असतो. विमान हललं, सुई निसटली, तरी फार तर दोन-तीन टाके उसवतात. दोन सुयांवरच्या विणकामात अख्खी ओळ उघडी असते, आणि सुई सीटखाली गेली की रडू येतं. दोऱ्याचा रंग फिका घ्या: मोतिया, लिंबी, आकाशी. जेवण आटोपलं की विमानातले दिवे मालवतात, मग कित्येक तास डोक्यावरच्या छोट्या झोतात काम करायचं असतं. काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यात खांबाचा उंच टाका कुठला आणि मुक्या खांबाचा बुटका टाका कुठला, हे त्या उजेडात कळत नाही. गुंडा कापडी पिशवीत ठेवून पिशवीचे बंद सीटच्या हाताला बांधा, नाहीतर तो घरंगळत तीन रांगा पुढे जातो.

काय विणावं? मी तुमच्या जागी असते तर धाकट्याच्या देव्हाऱ्यातल्या पाटावर घालायचा रुमाल घेतला असता, तळहाताएवढे चौकोन जोडून केलेला. दोन चौकोन घरी करा, बाकीचे वाटेत. चौकोनाचा आणखी एक फायदा आहे. एक पुरा झाला की उठायचं आणि विमानाच्या शेपटापर्यंत चालून यायचं. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसलं की पायांत रक्त साकळायचा धोका असतो, आणि विणणाऱ्या बाईला वेळेचं भान राहत नाही.

नातीकडे वळते. नऊ वर्षांच्या मुलांचा माझा अनुभव असा, की ३५ मिनिटांच्या तासाला पंचविसाव्या मिनिटाला वर्गातली निम्मी डोकी वर व्हायची. घरापासून दूर, पट्टा बांधलेल्या अवस्थेत ती त्याहून लवकर वर होणार. त्यामुळे तासभर पुरेल असं एक मोठं काम तिला देऊ नका. दर तासाला दहा-पंधरा मिनिटं लागेल असं एकच काम द्या, जे सोळा वेळा करायचं आहे.

मी माझ्या नातवासाठी केलेली तासांची पट्टी सांगते. जाड कार्डशीटच्या दहा सेंटिमीटर रुंद आणि ६३ सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा. प्रत्येकीवर सात-सात सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघा मारा, नऊ चौकटी होतील. दोन्ही पट्ट्या मागून चिकटपट्टीने जोडा आणि रेघांवर उलटसुलट घड्या घाला. पंख्यासारखी मिटणारी अठरा चौकटींची पट्टी झाली. मिटली की हातातल्या पासपोर्टहून जरा लहान. पहिल्या चौकटीत नातीने घरीच तुमच्या अंगणातलं तुळशीवृंदावन काढायचं, किंवा तिला घरातलं जे सोडून जाताना जड जातंय ते. शेवटची चौकट रिकामी ठेवायची, त्यात काकाच्या घराचं दार, उतरल्यावर काढायचं. मधल्या सोळा चौकटी म्हणजे सोळा तास. प्रत्येक तासाला एक चित्र: ताटात काय आलं, शेजारचे आजोबा कसे झोपलेत, समोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमान कुठे आहे. एका चौकटीत दोन घड्याळं काढायला सांगा, एक डिचोलीचं आणि एक न्यू जर्सीचं. मे महिन्यात तिथली वेळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. तो हिशेब तिचा तिला करू द्या. साखरेची रिकामी पुडी, चॉकलेटचा चकचकीत कागद हेही चिकटवता येतं. त्यासाठी कांडीचा गोंद घ्या, बाटलीतला नको. पट्टी कुणासाठी हे आधीच ठरवा. तिकडे चुलत भावंडं असतील तर त्यांच्यासाठी. माझ्या नातवाची पट्टी लेकीने फ्रिजच्या दारावर लांबच लांब लावली आहे. सातव्या तासाच्या चौकटीत फक्त काळा रंग आहे, कारण तेव्हा तो झोपला होता. ती चौकट सगळ्यांना दाखवायला त्याला फार आवडतं.

पेन्सिली आठ पुरेत, चोवीस नकोत. गोल नव्हे, सहा कोनांच्या घ्या, कमी घरंगळतात. आणि प्रत्येकीच्या मागच्या टोकाला कागदी पट्टी लावून रंगाचं नाव लिहा. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. त्या पिवळ्या झोतात निळी, जांभळी आणि काळी पेन्सिल एकसारखी दिसते, आणि मुलाचं आभाळ काळं झालं की त्याचा मूड जातो. समोरचं टेबल लहान असतं, म्हणून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण घ्या. उलटं ठेवलं की कडा असलेला पाट होतो, काही खाली पडत नाही.

रंगांचा पसारा नको असेल तर आपली कावी आहे. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तुम्ही पाहिली असेल: पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून नक्षी काढायची. दोनच रंग, तांबडा आणि पांढरा. म्हणजे नातीला एक तांबडं स्केचपेन आणि पांढरं कार्ड एवढंच लागेल. कावीतली फुलं वर्तुळांत वर्तुळ गुंतवून केलेली असतात. कंपास टोकदार म्हणून न नेलेला बरा, पण तुमच्या हातात बांगडी आहे. ती काढून द्या. बांगडी कागदावर ठेवून एक वर्तुळ, मग तिची कड पहिल्या वर्तुळाच्या मध्यावर आणून दुसरं, मग पुन्हा तसंच. सहा वर्तुळं फिरवली की मधोमध सहा पाकळ्यांचं फूल उमलतं. पाकळ्या पांढऱ्या ठेवायच्या आणि बाकीची जागा तांबडी भरायची. भरायला बराच वेळ लागतो, आणि तुम्हाला तोच हवा आहे. निघण्यापूर्वी एखाद्या देवळात नेऊन तिला खरी कावी दाखवता आली तर फारच चांगलं.

एक सावधगिरी. पुष्कळ आया मुलांना चिकटकामासाठी वाळलेली पानं, बिया, शेंगा देतात. अमेरिकेला जाताना ते करू नका. झाडापेराची प्रत्येक वस्तू तिथे उतरल्यावर जाहीर करावी लागते आणि बरीच काढून घेतात. सागरगोटेही बियाच. मानकुराद आंबाही नेता येत नाही, त्यामुळे काकासाठी नातीला तो रंगवू द्या. चवथीला तुमच्या घरी गणपतीवर फळांची माटोळी बांधत असतील. तीही आठवून आठवून काढता येते: आधी लाकडी चौकट, मग नारळ, सुपारी, केळी, चिबूड, तोरंजन, आंबाडे. कुठलं फळ कुठे टांगतात यावरून तुमचं-तिचं थोडं वाजेलही. वाजू द्या, त्यात अर्धा तास जातो.

टॅब न्या. सोळा तास मुलाने फक्त कागदावर काढावेत असं मी म्हणणार नाही, शेवटच्या चार-पाच तासांत दोघीही थकलेल्या असाल. गोष्टी घरीच उतरवून ठेवा, आणि चार्जिंगची पॉवर बँक हातातल्याच सामानात ठेवा. मोठ्या बॅगेत ती टाकायला परवानगी नसते.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एक चाळीस पानी वही घ्या आणि नातीला तुमची लेखनिक करा. तुम्ही सांगायचं, तिने लिहायचं. धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्याच्या वेळी मांडावर तुमच्या आईच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या तुम्हाला येत असतील, त्या कुठे लिहिलेल्या आहेत? खतखत्याच्या मिश्र भाजीला तिरफळं किती, सोलं केव्हा घालायची, हे तुमच्या सुनांना माहीत आहे का? शेवटच्या खेपेला मी नातवाला खतखतं सांगत होते. म्हटलं, तूरडाळ एक मूठ. त्याने पेन्सिल थांबवली आणि विचारलं, मूठ कुणाची? मग त्याने माझा हात पानावर ठेवायला लावला आणि बोटांच्या कडेकडेने पेन्सिल फिरवली. विमान जरा हलत होतं, म्हणून करंगळीची रेघ वाकडी झाली आहे. लेक आता खतखतं करताना ते पान ओट्यावर उघडून ठेवते आणि आपला हात त्या हातावर ठेवून बघते, तिची मूठ माझ्याहून लहान आहे की मोठी.

पहिली ओवी मात्र घरी लिहून घ्या, आपल्या स्वतःच्या जागी बसून. मग पुढच्या आपोआप आठवतात.

प्रश्न : बाई, आम्ही मडगावचे. मुलगा सव्वातीन वर्षांचा. मुंबईहून लंडनला नऊ-दहा तास, मी एकटीच आहे त्याच्याबरोबर. चित्रं काढण्याएवढा तो मोठा नाही. काय नेऊ?
एक आई, मडगाव

उत्तर : तुम्ही एकट्या आहात, तेव्हा एका हाताने देता येईल तेवढंच न्या. पहिली वस्तू म्हणजे रंगारी खिडकीच्या कडेला लावतात ती कागदी चिकटपट्टी, मास्किंग टेप. त्याच्या समोरच्या टेबलावर तिचे रस्ते करायचे, चौक करायचे, वर एक छोटी गाडी. त्याला स्वतःला तुकडे फाडू द्या, तीन वर्षांच्या बोटांना फाडण्यासारखा आनंद नाही. उतरण्यापूर्वी सगळी निघते, डाग राहत नाही. दुसरी वस्तू, पाण्याने रंगवायचं पुस्तक. त्याचा ब्रश तपासणीनंतर भरा, कारण परदेशी जाणाऱ्या विमानांत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतलं पाणी तपासणीच्या पलीकडे नेता येत नाही. पान वाळलं की चित्र गायब होतं आणि पुन्हा रंगवता येतं. विमानातली हवा फार कोरडी असते, त्यामुळे ते घरच्यापेक्षा लवकर वाळतं. याच कोरड्या हवेमुळे खेळायची माती नेऊ नका. तिचा चुरा होतो आणि तो सीटच्या कापडात बसतो. मणी, बटणं, मोत्यांच्या माळा अजिबात नकोत. एक मणी तोंडात गेला तर तिथे धावून येणारं कुणी घरचं नसतं.

तिसरी वस्तू विमानातच मिळते. सीटच्या खिशात उलटीसाठी कागदी पिशवी असते. एक जास्तीची मागून घ्या, तिच्यावर डोळे आणि मिशा काढा, आत हात घाला. तीच बाहुली आधी घरी दोन-तीन दिवस करून दाखवा, नाव ठेवा. ओळखीची बाहुली विमानात भेटली की त्याला ती आपली वाटेल, अनोळखी वाटणार नाही. रडलाच तर रडू द्या थोडं. उतरताना कान दुखतात म्हणूनही मुलं रडतात, त्या वेळी काहीतरी गिळायला किंवा चोखायला द्या.

प्रश्न : बाई, मी तुमचा माजी विद्यार्थी नाही, पण तुमचं सदर आई वाचते म्हणून लिहितो. सावर्डेचा आहे, तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. येत्या महिन्यात मायामीला क्रूझच्या बोटीवर चढायचं आहे. दोन ठिकाणी विमान बदलून जवळजवळ दीड दिवस जातो. शाळेत मी चित्रं चांगली काढायचो, पुढे राहूनच गेलं. दर वेळी प्रवासात चित्रपट पाहून डोकं दुखतं आणि बोटीवर उतरतो तेव्हा घरची आठवण जास्तच येते. पुन्हा काढावं असं वाटतं, पण शेजारचे काय म्हणतील, आणि सामानाला जागा नाही.
एक तारवटी, सावर्डे

उत्तर : पुता, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. राहून गेलं असं तू लिहिलंस, पण ज्याचं खरंच सुटतं तो असं पत्र लिहीत नाही.

सामान सांगते: खिशात मावेल अशी एक कोरी वही, रेघा नसलेली, आणि एक काळं बॉलपेन. बस. खोडरबर नको. पेनाची रेघ खोडता येत नाही, म्हणून माणूस पुढे जातो. पेन्सिल हातात असली की पहिल्या नाकावरच अर्धा तास खोडाखोड चालते. शाईचं पेनही नको. विमान वर गेलं की आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका उतरतो, आणि अर्ध्या भरलेल्या पेनातली हवा फुगून शाईला बाहेर ढकलते. माझ्या एका पांढऱ्या ब्लाउजच्या खिशाशी तो डाग अजून आहे. नेणारच असशील तर पेन गच्च भरून, टोक वर करून ठेव.

लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा तुला माहीतच आहेत. ते लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे, तेव्हा आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली. ती त्यांनी डायरी मानली आणि पुढे तरुणपणीही दिवसाची हकिगत चित्रांत लिहीत राहिले. त्यांची गर्दीची चित्रं नीट बघ, प्रत्येक माणूस काहीतरी करताना पकडलेला आहे. ते बघायला मोठा स्टुडिओ लागत नाही. विमानतळावरची सहा तासांची थांबायची वेळ त्यासाठी सोन्यासारखी आहे.

सुरुवात झोपलेल्या माणसांपासून कर. ती हलत नाहीत. आधी चेहरे नको, हात काढ. पोटावर ठेवलेले, टेबलावर पसरलेले, कुणाचा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर. मग बूट-चपला, मग पुढच्या सीटवरून दिसणारे केस. एका चित्राला तीन मिनिटं, घड्याळ लावून. चेहरा काढायचा असेल तर जागं असताना विचार, आणि नको म्हटलं तर नको. शेजाऱ्याचं म्हणशील, तर माझा अनुभव असा की वहीत डोकावणारा माणूस पाचव्या मिनिटाला स्वतःच्या मुलांचे फोटो दाखवायला लागतो. दोनदा लोकांनी मला त्यांची चित्रं काढून द्यायला सांगितली आहेत.

एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वी झालीच पाहिजे. वहीची पहिली चार पानं सावर्ड्याला भर. आई ज्या पायरीवर बसून हे मासिक वाचते ती पायरी. तुझी भरलेली बॅग. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं झाड. आणि आईचे हात, भाजी चिरताना. घाईत काढ, वाईट येऊ दे. मग विमानात पाचवं पान उघडशील तेव्हा ती वही कोरी नसेल, तिच्यात घर असेल, आणि बोटीवर रात्री पाळी संपल्यावर पुढे चालू ठेवायला कारण असेल. सहा-आठ महिन्यांनी उतरशील तेव्हा ती आईच्या हातात दे. कुणासाठी काढतोयस ते तुझ्या पत्रातच आहे.

पेनं दोन घे. एक संपलं तर बंदरावर उतरून दुकान शोधायला तुला तास-दोन तासही मिळायचे नाहीत.